दाखला

‘दाखला’ या शब्दाची मराठीत दोन घरे आहेत. एक कचेरीत, दुसरे बोलण्यात. जून महिना लागला की नागपूरच्या सेतू केंद्रांपुढे मायलेकींची जी रांग लागते, ती पहिल्या घरापुढची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, अशी एकेक कागदी सनद पदरात पडल्यावाचून पुढच्या वर्गाचे दार उघडत नाही, आणि त्यांतला जातीचा दाखला, अनुसूचित जातींना तरी, मिळवायचा तर बापाच्या किंवा आजोबाच्या नावाची नोंद १९५० पूर्वी कुठल्या दप्तरात कुठल्या शब्दांत झाली होती, याची रुजुवात घालून द्यावी लागते. दुसरे घर मात्र कुणाच्याही शिक्क्यावाचून उघडे असते. ‘याला काही दाखला आहे का?’ असे आपण सहज विचारतो, तेव्हा पूर्वी कुणी असे केले आहे काय, आणि करून तो माणूस ताठ उभा राहिला काय, एवढेच आपल्याला जाणून घ्यायचे असते. एखाद्या समाजातील स्त्रिया स्वतःला कोणत्या नजरेने पाहतात, या प्रश्नाचा मी गेली काही वर्षे विचार करतो आहे, आणि प्रत्येक वेळी फिरून याच दुसऱ्या घराच्या उंबरठ्यावर येऊन पोचतो आहे.

विषयाचे मूळ दूर अमेरिकेत आहे. १९४० च्या आसपास मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ विदुषीने आपले पती केनेथ क्लार्क यांच्यासह एक साधा प्रयोग केला. लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे, वर्णाखेरीज बाकी सर्व बाबतीत सारख्या, अशा बाहुल्या ठेवायच्या आणि विचारायचे, यांतली छान कोणती, वाईट कोणती, तुला खेळायला कोणती हवी. आणि सर्वांत शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती कोणती. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली छान ठरवली, काळी वाईट ठरवली, आणि शेवटचा प्रश्न ऐकल्यावर त्यांतली काही मुले रडू लागली. १९५४ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा या प्रयोगाचा आधार न्यायालयापुढे होता. पाच-सहा वर्षांच्या बालकाने स्वतःविषयी दिलेला निकाल वस्तुतः त्याचा नसतोच. तो आसपासच्या मोठ्या माणसांनी आधीच लिहून ठेवलेला असतो आणि बालक तो फक्त वाचून दाखवते, हे त्या बाहुल्यांनी जगाच्या निदर्शनास आणले.

आपल्याकडे हा प्रयोग करण्याची गरज भासली नाही याचे कारण आपली भाषाच तो रोज करीत असते. पंढरीच्या विठोबाला आपण ‘सावळा’ म्हणतो तेव्हा गळा दाटून येतो. घरच्या लेकीला ‘सावळी’ म्हणतो तेव्हा त्यामागे ‘पण नाकीडोळी नीटस’ अशी एक क्षमायाचना जोडतो. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने या क्षमायाचनेवर अर्धे शतक उत्तम व्यापार केला. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली अंत झाला, त्यावर जगभर जो क्षोभ उसळला, त्याच्या लाटेत त्या मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, आमच्या सीताबर्डीच्या दुकानांतून त्याची फळी मात्र बदलली नाही.

महाराष्ट्र आणि कृष्णवर्णीय अमेरिका यांचा संबंध असा मलमापुरता नाही, हे वाचकांस ठाऊक असेलच. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो तेथील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते हार्लेमच्या वेशीवर. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य नोंदवले. आणि १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ जन्मास आली ती ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’चे नाव घेऊन. परंतु या सगळ्या दाखल्यांत पुरुष पुरुषांशी बोलत आहेत. त्या दोन्ही समाजांतील स्त्रिया एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत, एकमेकींची नावेही बहुधा त्यांना ठाऊक नव्हती. आणि तरीही त्यांच्या वाट्याला आलेले प्रसंग इतके जुळे आहेत की वाचताना अंगावर काटा यावा. किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकन कायदेपंडितेने १९८९ साली या स्थितीला चौरस्त्याची उपमा दिली. वर्णाच्या रस्त्याने येणारी गाडी आणि स्त्रीत्वाच्या रस्त्याने येणारी गाडी यांच्या मधोमध जी उभी आहे तिला धक्का नेमका कुणाचा बसला हे ठरवणे कठीण, म्हणून दोन्ही कचेऱ्या तिची फिर्याद नोंदवून घेत नाहीत. योगायोग असा की त्याच १९८९ साली मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडून त्यांच्या कैफियती उतरवून घेऊन, या दोघींनी जे दप्तर उभे केले, त्यातील नागपूरची पाने मला विशेष बोलकी वाटतात.

नागपूरचीच का, याला कारण आहे. विदर्भाची जमीन काळी, कापसाची. जुन्या जमाबंदीच्या भाषेत पिकाऊ जमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत. या काळीच्या शिवेचा तंटा उपस्थित झाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. ज्या जातीच्या पुरुषाचा शब्द शिवेच्या वादात ग्राह्य, त्याच जातीची बाई पांढरीतल्या विहिरीपाशी घागर घेऊन दुसऱ्याच्या दयेची वाट पाहत तिष्ठत असे, आणि तिची साक्ष कोणी कधी विचारत नसे. हा क्रम मोडला तो कापसानेच. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि दुष्काळाने, वेठबिगारीने वा नवऱ्याच्या मारहाणीने गाव सोडलेल्या शेकडो बायांना प्रथमच हप्त्याचा रोख पगार स्वतःच्या मुठीत मिळू लागला. गिरणीतले जिणे सुखाचे होते असे कोण म्हणेल? तथापि बलुत्याचे शिळे अन्न पदरात झेलणारा हात आणि पगाराचे नाणे मोजून घेणारा हात यांत जो फरक आहे, तो ज्या बाईने एकदा अनुभवला ती पुन्हा पूर्वीची राहिली नाही. याच गिरणी कामगारांतून राधाबाई कांबळे पुढे आल्या. १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. ज्या बाईची साक्ष गावच्या पाटलाने घेतली नसती, तिची जबानी बादशाही आयोगाने टिपून घेतली! त्या साक्षीने मजुरी किती आण्यांनी वाढली याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी करावा. त्या दिवशी चाळीत पाणी भरणाऱ्या शेजारणींनी एकमेकींना काय सांगितले असेल, याचा हिशेब मला अधिक मोलाचा वाटतो.

आणि आता जाईबाई चौधरी. या स्त्रीवर मराठीत एक स्वतंत्र मोठे चरित्र असावयास हवे होते असे मला फार वाटते. जन्म १८९२ चा, उमरेडचा. १८९६ च्या दुष्काळाने कुटुंब नागपुरास आले. वयाच्या नवव्या वर्षी, १९०१ साली, बापूजी चौधरी यांच्याशी लग्न झाले. आणि घरची गरिबी अशी की ही मुलगी हमाली करू लागली. नागपूरहून कामठीपर्यंत, म्हणजे नऊ-दहा मैल, डोक्यावर उतारूंचे सामान वाहून न्यायचे आणि परत यायचे. या खेपांमध्येच ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईची तिच्यावर दृष्टी गेली. सामान वाहणाऱ्या पोरीला अक्षरे येतात हे पाहून त्या बाईने तिला मिशनच्या शाळेत शिक्षिका नेमले, महिना चार रुपये पगारावर. चार रुपये आणि मास्तरीणबाई ही पदवी! परंतु ही पदवी फार दिवस टिकली नाही. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली.

येथे मी जरा थांबतो. अपमानानंतर माणूस काय करतो यावरून त्याच्या मनातल्या स्वतःच्या चित्राची परीक्षा होते, असे मला वाटत आले आहे. जाईबाईंना परत हमालीला जाता आले असते, किंवा मिशनच्या दयेवर दुसरे एखादे काम पत्करता आले असते. त्यांनी १९२२ साली नागपूरच्या नई बस्तीत मुलींची शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. त्यापूर्वी नागपुरात मुलींच्या शिक्षणाचा प्रयत्न झाला नव्हता असे नव्हे. किसन फागू बनसोडे यांनी तो १९०७ सालीच केला होता, आणि त्यांच्या छापखान्याच्या व वृत्तपत्राच्या खटाटोपात त्यांच्या पत्नी तुळसाबाई खांद्याला खांदा लावून होत्या. परंतु जी स्वतः ओझी वाहत होती, जिला शिकवण्याच्या अपराधाबद्दल काढून टाकले होते, तिनेच फळ्यापुढे उभे राहावे, याची गोष्ट वेगळी होती. जाईबाई वस्तीत दारोदार जात, आयांना समजावत, मुलगी शाळेत पाठवा म्हणून विनवत. त्यांच्या तोंडचा उपदेश इतर पुढाऱ्यांच्या उपदेशाहून फारसा निराळा असेल असे मला वाटत नाही. मात्र उपदेश करणारी बाई दारात उभी असे तेव्हा आतल्या आईला तिच्या मानेवरची हमालीची वर्षेही दिसत, आणि तिच्या हातातले हजेरीचे पुस्तकही. प्रेरणा म्हणजे याहून वेगळे काय असते, मला ठाऊक नाही.

१९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. देशभरच्या सुशिक्षित, सुधारक स्त्रिया जमल्या होत्या. स्त्रीजातीच्या समान हक्कांवर व्याख्याने झाली असणार यात शंका नाही. जाईबाईही निमंत्रित होत्या. भोजनाच्या वेळी मात्र त्यांना आणि त्यांच्या सोबतिणींना पंगतीपासून दूर, वेगळे बसवण्यात आले. व्यासपीठावर ‘भगिनी’ आणि पाटावर अस्पृश्य! या प्रसंगाचे जुळे भावंड शोधायला २४ वर्षे मागे आणि सातासमुद्रापार जावे लागते. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टन शहरात मताधिकारासाठी स्त्रियांची प्रचंड मिरवणूक निघाली, तेव्हा झुंडीकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध लेखणी झिजवणाऱ्या आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकर्तीला, दक्षिणेकडील गोऱ्या भगिनी रागावतील म्हणून, मागे कृष्णवर्णीयांच्या तुकडीत चालायला सांगितले गेले. वेल्सबाई गर्दीत दिसेनाशा झाल्या आणि मिरवणूक चालू लागल्यावर रस्त्याच्या कडेने पुढे येऊन आपल्या इलिनॉय प्रांताच्या तुकडीत, गोऱ्या मैत्रिणींच्या रांगेत, निमूट सामील झाल्या. नागपूरच्या बायांनी दुसरी तऱ्हा अवलंबिली. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी स्वतःची सभा भरवून या वागणुकीचा जाहीर निषेध केला. एकीने नाकारलेली रांग घुसून मिळवली, दुसरीने नाकारलेली पंगत सोडून स्वतःचे व्यासपीठ मांडले. यांत श्रेष्ठ मार्ग कोणता, असे मला कोणी विचारल्यास मी सांगू शकणार नाही. पंगतीत एक पाट मागून मिळवण्यापेक्षा आपले व्यासपीठ मांडणे मला मनातून अधिक भावते, एवढी कबुली देतो.

हे व्यासपीठ किती मोठे होऊ शकते ते साडेचार वर्षांनी दिसले. १८ आणि १९ जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद झाली, जिच्यातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला, आणि लगोलग २० तारखेला त्याच मंडपात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. सुमारे २५,००० स्त्रिया! भर पावसाळ्याचे दिवस, शेतात पेरण्या-डवरणीची घाई, आणि तरी माणसे बैलगाडीने, रेल्वेने, पायी आली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील, चिटणीस इंदिराबाई पाटील. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून नुकतेच नियुक्त झाले होते. समाजाची प्रगती आपण त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचे त्यांचे जे वाक्य आज शाळांच्या भिंतींवर रंगवलेले आढळते ते याच सभेतले. पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची भागीदार व्हावे, दासी होऊ नये, आणि मुलींच्या लग्नाची घाई करू नये, असेही त्यांनी तेथे सांगितले.

परंतु मला वाटते, बाबासाहेबांच्या भाषणाच्या तेजामुळे त्या दिवशीचे दुसरे काम झाकोळून गेले आहे, आणि ते काम म्हणजे ठरावांचा मसुदा. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा. बहुपत्नीकत्वाला कायद्याने बंदी व्हावी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या बायांना वर्षाकाठी २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची भरपगारी रजा मिळावी, कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी, आणि २० वर्षांच्या चाकरीनंतर मासिक १५ रुपये पेन्शन मिळावे. गिरण्यांतून स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात. मुलींसाठी सरकारी वसतिगृहे निघावीत. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत प्रतिनिधित्व असावे. हे १९४२ साल आहे, हे वाचकांनी विसरू नये. हिंदू कोड बिलाचा वाद पेटायला अजून काही वर्षे अवकाश होता. सुलोचनाबाईंनी अध्यक्षीय भाषणात शिक्षणाबरोबर संततिनियमनाचाही पुरस्कार केला; ज्या विषयापायी रघुनाथराव कर्व्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तो विषय एक बाई भर मंडपात २५,००० बायांपुढे काढते आहे. आत्मप्रतिमा सुधारण्याचे जे वर्ग हल्ली शहरोशहरी चालतात त्यांत आरशापुढे उभे राहून स्वतःला चार गोड वाक्ये ऐकवायला शिकवतात असे मी ऐकतो. मोहन पार्कातल्या बायांना कोणी गोड वाक्ये शिकवली नाहीत. त्यांना अध्यक्षपद दिले, मसुदा दिला, ‘१५ रुपये’ हा आकडा दिला. आपल्या म्हातारपणाची किंमत महिना १५ रुपये आहे आणि ती मागणे हा आपला हक्क आहे, असे हात वर करून म्हणणारी विडीवाली घरी परतली असेल तेव्हा तिच्या चालीत काही फरक पडला नसेल काय?

याच ठिकाणी एक नाजूक मुद्दा उपस्थित होतो, तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन सांगितले की, तुमच्या लुगड्याच्या नेसण्यावरून आणि अंगावरच्या चांदी-कथलाच्या जड दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते. ती खूण टाकून द्या, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा. बायांनी ते तत्काळ मानले. परिषदेस आलेल्या काही पांढरपेशा भगिनींनी त्यांना नेसण्याची नवी रीत तेथल्या तेथे दाखवली. कोणी विचारील, हे आत्मभान की उच्चवर्णीयांचे अनुकरण? अमेरिकेत हाच वाद केसांवरून झाला. सारा ब्रीडलव्ह नावाची, गुलामीतून सुटलेल्या आईबापांची मुलगी, कपडे धुण्याचे काम करीत करीत केसांच्या औषधांच्या धंद्यात पडली, ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने संपन्न झाली आणि १९१९ साली वारली तोवर हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना तिने विक्रेत्या म्हणून स्वतःच्या पायावर उभे केले. टीकाकार म्हणत, हिने आपल्या बायांना गोऱ्यांसारखे केस करायला शिकवले. १९६० नंतरच्या पिढीने कुरळे केस मोकळे सोडून ‘काळे तेच सुंदर’ अशी द्वाही फिरवली. दोन्ही पिढ्या आपापल्या जागी खऱ्या होत्या असे मी मानतो. जी खूण दुसऱ्याने सक्तीने अंगावर चढवली, ती आधी उतरवण्याची मोकळीक हवी. मग पुढच्या पिढीतील एखादी नात आजीचे तेच तोडे हौसेने पायात घालील, आणि तिला कुणी अडवणार नाही.

जाईबाईंच्या दारोदार फिरण्याचे फळ पाहायचे असेल तर कौसल्या बैसंत्री यांच्याकडे वळावे. १९२६ चा जन्म, नागपूरच्या खलाशी लाइनमधला. त्यांच्या आजीने नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून, पोरे बरोबर घेऊन, पायी नागपूरची वाट धरली होती आणि माती-दगड वाहून संसार उभा केला होता. आईबाप दोघेही एम्प्रेस मिलमध्ये राबत. अशा घरातल्या आईने जाईबाईंचे म्हणणे मनावर घेऊन आपल्या सगळ्या मुलींना शिकवण्याचा निश्चय केला आणि वस्तीची कुचेष्टा पत्करून तो तडीस नेला. कौसल्याबाई पुढे भिडे कन्या शाळेत गेल्या तेव्हा जात कळेल या धास्तीने वर्गात अंग चोरून बसत. आणि सायकलवरून निघाल्या की वस्तीतली आणि रस्त्यावरची टवाळ पोरे मागून टोमणे मारीत की, बाप भिकारी आणि ही पाहा सायकलवर! त्यांनी हे सगळे लिहिले ते मराठीत नव्हे, हिंदीत, सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ साली, ‘दोहरा अभिशाप’ या आत्मकथनात. दुहेरी शाप: स्त्री म्हणून एक, दलित म्हणून दुसरा, क्रेनशॉबाईंचा चौरस्ता तो हाच. त्या पुस्तकातली मला सर्वांत स्पर्शून गेलेली गोष्ट अशी की लेखिकेने स्वतःच्या धैर्याचे श्रेय पुढाऱ्यांइतकेच आपल्या निरक्षर आजीला आणि दारोदार कुंकू-बांगड्या विकलेल्या आईला दिले आहे.

कुमुद पावडे यांची कथा अधिक उपरोधिक आहे. १९३८ साली नागपुरात जन्मलेल्या या मुलीने संस्कृत हा विषय घेतला, एम.ए. झाली, आणि मग लोक तिला ‘संस्कृत पंडिता’ म्हणून कौतुकाने दाखवू लागले. ‘अंतःस्फोट’ या १९८१ च्या पुस्तकात त्या सांगतात ते असे की हे कौतुक त्यांना बोचत असे. कारण त्या कौतुकाच्या पोटात आश्चर्य होते आणि आश्चर्याच्या पोटात, हिच्याकडून ही अपेक्षाच नव्हती, असा जुना निकाल होता. बाहुलीचा प्रयोग प्रौढ वयात, पदवीदान समारंभानंतरही, चालू राहतो तो असा. पदवी हाती असूनही प्राध्यापकाची जागा मिळेना. पुढे आंतरजातीय विवाह झाला, आडनाव पावडे झाले, आणि मग जागा मिळाली. ज्ञानाचा दाखला पुरेसा ठरला नाही, आडनावाचा ठरला. त्यांनी हे सत्य लपवले नाही, स्वतःच्या यशाच्या कथेत ते ठळक अक्षरांत लिहून ठेवले, यात मला त्यांच्या पांडित्याहून मोठे काही दिसते. जी आपल्या यशातला दुसऱ्याचा वाटा इतका रोखठोक सांगू शकते, तिला स्वतःविषयी कुणाकडून आश्वासन घेण्याची गरज उरलेली नसते.

१४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा बौद्ध धम्मदीक्षा समारंभ सर्वश्रुत आहे. त्याविषयी येथे विस्तार करीत नाही. एवढेच नमूद करतो की त्या दिवशी लक्षावधी माणसे शुभ्र वस्त्रे लेवून जमली त्यांत निम्म्या बाया असाव्यात, आणि २२ प्रतिज्ञा म्हणताना त्यांनी नवऱ्याच्या तोंडून नव्हे, स्वतःच्या तोंडून शब्द उच्चारले. अजूनही अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेले तर परभणीकडची, चंद्रपूरकडची बाई भाकरीचे गाठोडे उशाशी घेऊन पटांगणात मुक्काम करताना दिसते आणि परतताना तिच्या पिशवीत प्रसादाच्या जागी पुस्तके असतात. इंदोऱ्याच्या किंवा कामठीच्या कुठल्याही साध्या घरात जा, आरशाच्या वर सावित्रीबाई फुले आणि रमाई आंबेडकर यांच्या तसबिरी आढळतील. वेणी घालणारी मुलगी आरशात पाहते तेव्हा तिच्या चेहऱ्याच्या जरा वर आणखी दोन चेहरे असतात. जाईबाईंची तसबीर मात्र मला आजवर फारशा घरांत दिसलेली नाही. राधाबाईंची तर कुठेच नाही. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता एम्प्रेस मॉल उभा आहे, आणि त्याच्या सरकत्या जिन्यावरून जाणाऱ्या मुलींपैकी कित्येकींच्या पणज्या त्याच जागी सूत हाताळीत होत्या, हे सांगणारी एखादी पाटी तेथे असती तर बरे झाले असते.

शेवटी सेतू केंद्राच्या रांगेकडे परत येतो. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचे नाव सरकारी कागदपत्रांत लिहिताना आधी बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम पाळणे आवश्यक आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुली २०३० च्या सुमारास पहिलीत जातील, आणि त्यांच्या हजेरीपटावर त्यांच्या नावालगत आईचे नाव वाचले जाईल. जातीच्या दाखल्यासाठी मात्र पुरावा अजून बहुधा बापाकडचाच लागतो. त्यासाठी आजही ती आई सकाळी नऊला, डबा आणि कागदांची थैली घेऊन, रांगेत उभी आहे.